'जैसे थे' म्हणजे कोणाचं 'जैसे थे'?

विद्यापीठाची जाहिरात निघते. बिंदुनामावली तपासलेली असते, आरक्षित जागांचे आकडे छापलेले असतात. आपली पोरं कर्ज काढून झेरॉक्स, डीडी, प्रवास करतात, मुलाखतीपर्यंत पोहोचतात. आणि मग बातमी येते : भरतीला स्थगिती, पुढील सुनावणी चार आठवड्यांनी. हे चार आठवडे किती वर्षांचे होतात ते तासिका तत्त्वावर राबणाऱ्या नेट-सेटधारकाला विचारा.

वर आपल्यालाच समजावलं जातं, "अहो, निकाल कुठे दिलाय? फक्त 'जैसे थे' ठेवायला सांगितलंय." मित्रांनो, जैसे थे म्हणजे काय? विभागात जे बसलेत ते बसलेलेच, आणि जे दाराबाहेर आहेत ते दाराबाहेरच. ज्या विभागात आजवर एकही आदिवासी प्राध्यापक आला नाही, तिथे जैसे थे हा निकालच आहे. फक्त त्यावर 'अंतरिम' असा शिक्का आहे.

मनाई हुकूम देताना तीन गोष्टी बघायच्या असतात : प्रथमदर्शनी बाजू, सोयीचा तोल आणि भरून न येणारं नुकसान. तिसरी नीट बघा. नियुक्त्या 'याचिकेच्या अंतिम निकालाच्या अधीन राहून' देता येतात, अशा दिल्या जातातही. याचिकाकर्ता जिंकला तर त्या रद्द होतील. पण शिक्षकेतर पदासाठी महाराष्ट्रात मागासवर्गीयांची वयोमर्यादा 43 आहे, खुल्या वर्गाची 38. स्थगिती उठेपर्यंत ज्याचं वय उलटलं, त्याचं नुकसान कोणतं न्यायालय भरून देणार? पण हा माणूस कोर्टात नसतोच. याचिकेत प्रतिवादी असतात विद्यापीठ आणि शासन. आपलं पोरगं वर्तमानपत्रातून कळतं तेवढंच जाणतं.

विभागनिहाय रोस्टरचं प्रकरण विसरू नका. बनारस हिंदू विद्यापीठाच्या भरतीवरून एप्रिल 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सांगितलं की, अध्यापक भरतीत आरक्षणाचं एकक विद्यापीठ नाही, विभाग आहे. ऐकायला तांत्रिक वाटतं. गणित करून बघा. दोनशे जागांचं विद्यापीठ एक एकक धरलं तर तेव्हाच्या रोस्टरप्रमाणे अनुसूचित जातींना 30, जमातींना 15 आणि ओबीसींना 54 जागा. तेच विद्यापीठ चार-चार जागांच्या पन्नास विभागांत तोडा. 13 बिंदूंच्या पद्धतीत चौथी जागा ओबीसीची, सातवी अनुसूचित जातीची आणि जमातीची थेट चौदावी. म्हणजे पहिल्या फेरीत जाती शून्य, जमाती शून्य. विभाग तीन जागांचा केला तर ओबीसीही शून्य. आरक्षणाचा एक शब्द न खोडता आरक्षण संपलं!

मार्च 2018 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने हाच निकाल लागू करायचं पत्र काढलं. ओरड झाली, केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि जुलै 2018 मध्ये आणखी एक पत्र निघालं : निकाल लागेपर्यंत भरती थांबवा. ती भरती पत्राने थांबली, हे लक्षात घ्या. 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' ही सरकारची सगळ्यात आवडती ढाल आहे. जागा भरायच्या नसतात, पगार वाचवायचा असतो, आणि शिव्या खायला कोर्ट असतंच. 22 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं, फेब्रुवारीत पुनर्विचारही फेटाळला. मग 5 मार्चला लोक रस्त्यावर उतरले, भारत बंद झाला, आणि दोनच दिवसांत अध्यादेश आला! पुढे त्याचा कायदा झाला आणि विद्यापीठ पुन्हा एकक ठरलं. दोन वर्षं जे 'घटनात्मक गुंतागुंतीचं' होतं ते निवडणुकीच्या तोंडावर दोन दिवसांत सुटलं. (त्याच कायद्यात परिशिष्टातल्या 'राष्ट्रीय महत्त्वाच्या' संस्थांना सूट आहे. गुणवत्तेचं सोवळं तिथे अजून शाबूत आहे.)

आपल्यातले काही जण आता म्हणतात, कोर्ट नकोच. हे मला मान्य नाही. बाबासाहेबांनी 32व्या कलमाला संविधानाचा आत्मा म्हटलं होतं. बेकायदा भरती, कुलगुरूंच्या नातलगांची वर्णी, आरक्षित जागा 'योग्य उमेदवार नाही' म्हणून रिकामी ठेवणं, या सगळ्याविरुद्ध आपल्यालाही स्थगितीच मागावी लागते. माझा राग वेगळा आहे. समोरचा जाहिरात निघाल्याच्या आठवड्यात वकील उभा करतो, आणि आपण स्थगितीनंतर निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीवर जातो. कलेक्टर काय करणार?

226व्या कलमाचा तिसरा खंड वाचा. ज्या पक्षाला प्रत न देता, न ऐकता अंतरिम आदेश झाला, त्याने तो उठवण्याचा अर्ज करून समोरच्याला प्रत दिली, तर उच्च न्यायालयाने दोन आठवड्यांत निर्णय द्यायचा, नाहीतर आदेश संपतो, असं तिथे लिहिलंय. पण त्यासाठी आधी पक्ष व्हावं लागतं. म्हणून जाहिरात आली की अर्जदारांची यादी करा, गट बांधा, वकील ठरवा, वर्गणी काढा. याचिका दाखल झाल्याचं कळताच हस्तक्षेप अर्ज टाका. माहिती अधिकारात विभागवार रोस्टर आत्ताच मागवून ठेवा. जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या पैशात हे सगळं होतं.


जय भीम!