दुसरं नेटवर्क घेताना कंपनीचं नाव नको, रस्ता विचारा

दुकानात पैसे देताना नेट गेलं की आपण फोनमधलं दुसरं सिम चालू करतो. डेटा सेंटरमधल्या सर्व्हरलाही असंच दुसरं नेटवर्क लागतं. फक्त तिथे निवड चुकली, तर दोन्ही सिम एकदमच बंद पडतात.

मी वाडीत राहतो. इथे अमरावती रोडला गोदामं आणि ट्रान्सपोर्टवाल्यांची ऑफिसं खेटून आहेत. ५० हजारांवरचा माल हलवायला साधारणपणे ई-वे बिल लागतं आणि ते ऑनलाइनच निघतं. समजा, गोदामाच्या बिलिंगचा सर्व्हर नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये आहे आणि त्याचं नेटवर्क तुटलं. मग भरलेला ट्रक वाडीतच उभा!

म्हणून अशा सर्व्हरला दोन कंपन्यांचं नेटवर्क जोडतात. बीजीपी नावाच्या पद्धतीने जगाला कळवलं जातं की आमच्या पत्त्यावर या दोन्ही वाटांनी येता येतं. एक वाट बंद झाली की ट्रॅफिक आपोआप दुसरीकडे वळतं. त्यासाठी स्वतःचा एएस नंबर आणि निदान २५६ आयपीव्ही४ पत्ते लागतात.

वेगळी कंपनी कशाला?

८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्स कंपनीचं नेटवर्क सेटिंग बदलताना कोसळलं. त्यांच्यावर अवलंबून असलेली इंटरॅक ही डेबिट पेमेंट सेवाही देशभर बंद पडली. त्यानंतर इंटरॅकने दुसरी नेटवर्क कंपनी जोडायचं ठरवलं. एकाच कंपनीच्या दोन लाइन घेतल्या असत्या, तर अशा बिघाडात दोन्ही गेल्या असत्या.

पण वेगळी कंपनी पुरेशी नाही

सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाजवळ एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या दोन समुद्री केबलमध्ये बिघाड झाला. दोन्ही मुंबईला येतात. भारतासह अनेक देशांत नेट मंदावलं. केबल दोन होत्या, वाट मात्र एकच होती.

जमिनीवरही तेच. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आणलं. तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं की खोदकामात वर्षाला सुमारे १० लाख ठिकाणी फायबर तुटतं आणि सुमारे ३,००० कोटींचं नुकसान होतं. दोन कंपन्यांचं फायबर एकाच नालीतून जात असेल, तर जेसीबी कोणाचं नाव बघून खोदत नाही.

मग काय विचारायचं?

१. तुमचं फायबर इमारतीत कुठून शिरतं? रस्त्याचा नकाशा दाखवा. पहिल्या कंपनीच्या नकाशावर तो ठेवून बघा.

२. तुम्ही स्वतः पुढे कोणाकडून नेटवर्क घेता? ते पहिल्याच कंपनीकडून असेल, तर पैसे वाया.

३. एक लाइन गेल्यावर दुसरी पूर्ण लोड पेलेल का? दोन सारख्या लाइन रोज ७०-७० टक्के भरलेल्या असतील, तर एक गेल्यावर उरलेलीवर १४० टक्के येणार. म्हणजे तीही बसली.

४. रात्री कामं कमी असताना मुद्दाम एक लाइन बंद करून बघता येईल का? ही चाचणी न केलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

माझं मत विचाराल तर, स्वस्त पण त्याच नालीतून येणाऱ्या लाइनपेक्षा थोडी महाग, वेगळ्या रस्त्याची लाइन केव्हाही बरी. आणि सर्व्हर एक-दोनच असतील, तर या भानगडीत पडू नका. ज्या डेटा सेंटरकडे आधीच वेगवेगळ्या रस्त्यांनी येणाऱ्या अनेक कंपन्या आहेत, त्याचंच एकत्र नेटवर्क घ्या. हे चार प्रश्न मात्र त्यांनाही विचारा.

घरी दुसरं ब्रॉडबँड घेताय? आधी बाहेर जाऊन बघा, दोन्ही वायरी एकाच खांबावरून तर येत नाहीत ना.