परावलंबन कशाने मोजावे?

जर्मनीने १९९५ साली दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला, तेव्हा पात्रता मिनिटांवर ठरे. स्नान, भोजन, उठणे-बसणे आणि घरकाम मिळून रोज किमान दीड तास मदत लागली पाहिजे! स्मृतिभ्रंशाचा रुग्ण स्वतः चालतो, जेवतो. त्यामुळे त्याची मिनिटे सहसा भरत नसत. पत्नी अहोरात्र त्याच्यावर लक्ष ठेवून असे, ते तास हिशेबाबाहेर. २०१७ पासून मात्र सहा अंगांनी स्वावलंबन तपासून पाच श्रेणी ठरतात. वैद्यकीयदृष्ट्या मला हेच माप रास्त वाटते. आपल्याकडे २०२४ मध्ये सत्तरीपुढील सर्वांना ‘आयुष्मान भारत’ खुली झाली, तीही रुग्णालयातील उपचारांपुरती. घरच्या शुश्रूषेसाठी उद्या निकष ठरलेच, तर आपण डॉक्टरांनी घड्याळाचे माप स्वीकारू नये.