सल्ला हवा, अट नको

गर्भपातासाठी आलेल्या बाईला तांबी बसवल्याशिवाय किंवा नसबंदीच्या ऑपरेशनचा होकार घेतल्याशिवाय सोडू नये, असे मानणारे आजही आहेत. ‘नाहीतर चार महिन्यांनी पुन्हा दारात,’ हा त्यांचा युक्तिवाद. सातारा-सांगलीत त्याला म्हैसाळचा दाखला जोडता येतो. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या त्या गावी बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा जीव गेला, पुरलेले १९ भ्रूण सापडले. मग कडक नको का वागायला?

कडक वागावे ते कायदा मोडणाऱ्यांशी. चोरून होणारा गर्भपात जीव घेतो, हा म्हैसाळचा धडा. सरळ दारात अटी घातल्या, तर बाई त्याच चोरवाटेला लागेल. १९७१ च्या कायद्याने सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी मानली आहे. त्यात नवऱ्याच्या सहीची अट नाही, तांबीचीही नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, ‘बिचारी आधीच हबकलेली असते, गर्भनिरोधनाचा सल्ला पुढच्या खेपेला देऊ.’ यात कळवळा आहे, पण शरीर थांबत नाही. गर्भपातानंतर दोन आठवड्यांच्या आत, पाळी येण्याआधीच, पुन्हा दिवस जाऊ शकतात. आणि पुढची खेप कुणाची? बीडहून कराड-वाळव्याच्या फडात आलेल्या ऊसतोडणीच्या बाईचा एक दिवस बुडाला, की मुकादम खाडा लावून पैसे कापतो. ती पुन्हा येईल हे गृहीत धरणे म्हणजे तिला वाऱ्यावर सोडणे.

म्हणून सल्ला त्याच दिवशी, सासू-नवऱ्याला बाहेर बसवून द्यावा. आधी विचारावे: मूल हवे आहे का, कधी? मग उघड सांगावे. ‘अंतरा’चे इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यायचे, पाळी लांबेल, थांबेलही, पण रक्त पोटात साचत नाही. ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. जंतुसंसर्ग नसेल तर पिशवी साफ करतानाच तांबी बसवता येते. सुरुवातीचे काही महिने अंगावर जास्त जाईल, म्हणून आधी रक्त तपासावे. त्रास झाला तर ती काढूनही मिळेल, हे त्याच दमात सांगावे.

एवढे ऐकून ती ‘आत्ता काहीच नको’ म्हणाली, तर तिचा शब्द अखेरचा. तिच्या उपचारात तसूभरही कमी होता कामा नये. पटून घेतलेले साधन बाई टिकवते. दटावून बसवलेली तांबी ती पहिल्याच त्रासाला काढून टाकते, आणि पुढच्या वेळी त्या दवाखान्याची पायरी चढत नाही.