रुग्णालयातील शिकाऊ हात

परिचर्या किंवा वैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्याने शिक्षण चालू असतानाच रुग्णालयात अर्धवेळ, पगारी काम करावे की नाही, हा प्रश्न परदेशस्थ मराठी वाचकांस कदाचित अनाठायी वाटेल. इंग्लंडमध्ये विद्यार्थी व्हिसावर सत्रकाळात आठवड्याला २० तास काम करता येते, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास. तिकडे शिकणारी आपली मुले-मुली वॉर्डांत अथवा वृद्धाश्रमांत साहाय्यक म्हणून काम करून घरभाडे भागवतात आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. आमच्या दिल्लीत मात्र या प्रश्नाला कागदोपत्री अस्तित्वच नाही.

दिल्ली आणि तिला खेटून वाढलेली गुडगाव, नोएडा, फरिदाबाद ही शहरे मिळून खाजगी रुग्णालयांची मोठी दाटी झाली आहे. केरळ, राजस्थान, मणिपूर, हरियाणा येथून आलेले विद्यार्थी या परिसरात परिचर्या शिकतात. नियमाच्या भाषेत हे विद्यार्थी काम करीत नाहीत, ते ‘प्रात्यक्षिक’ करतात. वस्तुस्थिती निराळी असते, हे या क्षेत्राशी थोडाही संबंध आलेल्या कोणासही सांगणे न लगे. वॉर्डात माणूस कमी पडले की प्रात्यक्षिकाची पाळी लांबते. शिकवणारी ताई जागेवर नसते आणि विद्यार्थिनीच चादरी बदलते, तापमान-रक्तदाब नोंदवते, रुग्णाला एक्स-रेला नेते. दुसरा प्रकार याहून गुप्त आहे. गल्लीबोळातल्या एखाद्या लहान शुश्रूषागृहात रात्रपाळी करायची, रोख पैसे घ्यायचे आणि सकाळी डोळे चोळीत वर्गात बसायचे. त्या पाळीची नोंद कोणत्याही वहीत नसते. रात्री तीन वाजता चुकीचे इंजेक्शन दिले गेले, तर ते देणारी व्यक्ती त्या रात्री तेथे नव्हतीच, असे सिद्ध करणे सोपे असते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात एक कोडे दिसते. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात असे मांडले की, जे कौशल्य कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते, त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च शिकणाराच सोसतो, आणि तो सोसतो कमी वेतनाच्या रूपाने. म्हणजे शिकाऊ माणसाला वेतन कमी का, याचे उत्तर मिळाले. पण आमची विद्यार्थिनी आधी शुल्क भरते, मग श्रमही देते, आणि वेतन शून्य. खर्च ती दोनदा सोसते. आणि रुग्णाच्या देयकात ‘नर्सिंग चार्जेस’ ही ओळ पूर्ण दरानेच छापलेली असते! रुग्णाने पैसे मोजले ते नोंदणीकृत परिचारिकेचे. मिळाले ते दुसऱ्या वर्षातील मुलीचे हात. मधला फरक कोठे जातो, हे शोधण्यास लेखापरीक्षकाची गरज नाही.

या मोहाला अलीकडे एक कारणही मिळाले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने खाजगी परिचारिकांच्या वेतनाविषयी शिफारशी केल्या. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात वेतन सरकारी परिचारिकेच्या बरोबरीचे असावे, आणि ५० हून कमी खाटा असल्या तरी महिना २०,००० रुपयांखाली जाऊ नये, असे तिने सुचवले. दिल्ली सरकारने २०१८ मध्ये तसा आदेश काढला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. आदेश योग्यच होता. परंतु प्रशिक्षित हातांची किंमत वाढली आणि शिकाऊ हातांची किंमत शून्यच राहिली, तर मालक कोणाकडे वळेल?

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांची कथा फारशी वेगळी नाही. दिल्ली छावणीतील लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आंतरवासी डॉक्टरांना विद्यावेतन मिळत नव्हते. त्यासाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. १ ऑक्टोबर २०२३ पासून महिना २५,००० रुपये द्यावेत, असा आदेश न्यायालयाने दिला.

शासनाला या विषयी नियम करता येत नाहीत असे म्हणावे, तर मे २०२१ आठवावा. दिल्लीत प्राणवायूसाठी धावपळ चालू असताना केंद्राने अंतिम वर्षाच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांना दूरध्वनीवरून सल्ला देण्याच्या व सौम्य रुग्णांवर देखरेख ठेवण्याच्या कामी घेण्यास मुभा दिली, आणि परिचर्येच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही कोविड सेवेत घेता येईल असे ठरवले. वरिष्ठांची देखरेख, लसीकरण, विमा, आणि १०० दिवसांच्या सेवेनंतर सरकारी भरतीत प्राधान्य, हे सारे काही दिवसांत कागदावर आले. साथ ओसरली आणि ती शिस्तही तिच्याबरोबर गेली.

आपल्याकडे ‘कमवा आणि शिका’ म्हटले की कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. १९४७ मध्ये साताऱ्यास स्थापन झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात गरिबाघरची मुले श्रम करून शिकली. ते उदाहरण येथे लागू पडते, पण थोडे जपून. मातीकामात चुकले तर बांध फुटतो. वॉर्डात चुकले तर काय होते ते लिहावयास नको. म्हणून सरसकट बंदी जशी चुकीची, तशी सरसकट मोकळीकही. बंदीने रात्रपाळ्या थांबत नाहीत, फक्त अंधारात ढकलल्या जातात. आणि ज्या मुलीला घरून पैसे येत नाहीत, तिचेच त्यात सर्वाधिक नुकसान होते.

इंग्लंडमध्येही एकेकाळी शिकाऊ परिचारिका हीच वॉर्डाची मुख्य श्रमशक्ती होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘प्रोजेक्ट २०००’ ने तिला प्रात्यक्षिकाच्या वेळी मनुष्यबळाच्या गणतीबाहेर काढले. तीच विद्यार्थिनी आज सायंकाळी साहाय्यक म्हणून पगारी पाळी करू शकते, पण ती पाळी वेगळी, गणवेश वेगळा, नोंद वेगळी. माझ्या मते (मत अर्थातच वैयक्तिक आहे) आपल्याला हवी आहे ती हीच फारकत. प्रात्यक्षिकाच्या तासांत विद्यार्थी मनुष्यबळात मोजू नये. पगारी तासांत तो साहाय्यक म्हणूनच मोजावा, परिचारिका म्हणून कदापि नव्हे. इंजेक्शनाला त्याने हात लावू नये. पैसे रुग्णालयाने थेट त्याच्या बँक खात्यात भरावेत, महाविद्यालयामार्फत नव्हे. संसदेने २०२३ मध्ये परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला आहे. १९४७ च्या कायद्याखालील परिषदेची जागा घेणाऱ्या या आयोगास असे नियम करणे अवघड नसावे.

तासांची मर्यादा किती, यावर वाद होईल. मी आठवड्याला १६ तास म्हणेन, आणि तेही दुपारी चार ते रात्री आठ, चार दिवस. रात्रपाळी नको. यामागे दुसऱ्या दिवशीचा वर्ग आहेच, शिवाय दिल्लीत रात्री उशिरा एकट्या मुलीने वसतिगृहावर परतणे हाही प्रश्न आहे. आठला सुटलेल्या मुलीला मेट्रो मिळते आणि वसतिगृहाचे दारही उघडे असते.