शेरूचा काय दोष?

आमच्या खालच्या मजल्यावरचा शेरू गेल्या महिन्यात गावी गेला. म्हणजे गेला नाही, पाठवला. चार वर्षं त्या घरात लाडाकोडात वाढलेला कुत्रा एका रविवारी गाडीत घालून शेतावर नेऊन सोडला. कारण काय, तर घरातल्या सात वर्षांच्या मुलीला जंत झाले. "कुत्र्याला मांडीवर घेऊन बसते, मग दुसरं काय होणार?" आजींनी निकाल दिला. अपील कोणी केलं नाही. पोर दोन दिवस नीट जेवली नाही.

गंमत म्हणजे, शेरू गेला तरी जंत काही गेले नाहीत. मग मुलीची आई माझ्याकडे आली. आधी दार लावून घेतलं आणि मग अगदी हळू आवाजात बोलायला लागली. जणू काही चोरीच केली होती! पोर रात्री झोपेतून उठते, शीच्या जागी खाजवते, चिडचिड करते. एकदा बॅटरी लावून बघितलं तर पांढऱ्या दोऱ्याचे बारीक तुकडे असावेत तसं काहीतरी वळवळत होतं. "सासूबाई म्हणतात, माझंच लक्ष नाही," हे सांगताना तिचे डोळे भरून आले.

मी काही डॉक्टर नाही, पण दोन मुलं आणि तीन कुत्री वाढवली आहेत. तिला म्हटलं, आधी डॉक्टरांकडे चल. त्यांनी ऐकताक्षणीच ओळखलं. हे सुतासारखे जंत, डॉक्टर ज्यांना पिनवर्म म्हणतात. ते फक्त माणसातच राहतात. कुत्र्या-मांजरांकडून ते येतच नाहीत! मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते, त्याची खाज सुटते. मूल खाजवतं, अंडी नखांत जातात, नखांतून चादरीवर, टॉवेलवर, बाकावरच्या शेजारणीच्या डब्यात आणि परत तोंडात. शौचाच्या तपासणीत ही अंडी बहुतेक वेळा सापडतही नाहीत. सकाळी उठल्याबरोबर, धुण्याआधी त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती तपासायची, हा त्यातला साधा उपाय.

म्हणून गोळी एकट्या मुलीला देऊन भागत नाही. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी घ्यायला सांगितली, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. कारण औषधाने जंत मरतात, अंडी मरत नाहीत. आजींनी घेतली, आईने घेतली. मुलीच्या बाबांनी मात्र "मला काय धाड भरलीय?" म्हणत गोळी टेबलावरच ठेवली. दर घरात असा एक तरी असतोच!

आता कुत्री म्हणजे अगदी सोवळी, असं मी म्हणत नाही. कुत्र्याचं पिल्लू आईच्या पोटातूनच जंत घेऊन जन्माला येऊ शकतं. म्हणून त्याला दोन आठवड्यांचं असल्यापासून दर पंधरा दिवसांनी औषध सुरू करतात, मग महिन्याने आणि मोठं झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी. पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, अंगावर मात्र मांस नाही, असं दिसलं की ओळखावं. शेपटीखाली भाताच्या सुकलेल्या शितांसारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो पट्टीसारखा चपटा जंत. तो पिसवांमार्फत येतो, त्यामुळे पिसवा घालवल्याशिवाय नुसत्या औषधाचा उपयोग नाही. आणि हो, औषध जनावरांच्या डॉक्टरांकडूनच, वजन करून. घरातली उरलेली गोळी अर्धी मोडून देणं हा कृपा करून थांबवायचा उद्योग आहे.

कुत्र्याच्या गोल जंताची अंडी माणसाच्या पोटात गेली तर त्यातल्या अळ्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही जातात. हे ऐकून घाबरायला होतं. पण ती अंडी विष्ठेतून पडल्या पडल्या बाधत नाहीत, त्यांना मातीत तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे त्याच दिवशी घाण उचलली तर निम्मं काम झालं. आमच्या बागेत सकाळी कुत्री फिरवणाऱ्यांपैकी किती जणांच्या हातात कागद किंवा पिशवी असते? मुलं त्याच मातीत खेळतात.

मला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्यांच्या फ्रिजवर शेरूचं कार्ड अजून चिकटवलेलं होतं. जंताचं औषध कधी दिलं, पुढचं कधी, सगळ्या तारखा व्यवस्थित. मुलीला शेवटची गोळी कधी दिली, हे मात्र कोणालाच आठवेना. 2015 पासून सरकारतर्फे शाळा-अंगणवाड्यांतून 1 ते 19 वर्षांच्या मुलांना ही गोळी फुकट मिळते. दोन वर्षांपर्यंत अर्धी, पुढे एक, चावून खायची. पण शाळेची सूचना आली की आयांच्या ग्रुपवर लगेच सुरू, "देऊ नका हं, मळमळतं." थोडं मळमळतं, खरंय. पोटात बरेच जंत असले तर जास्तच. तेवढ्यासाठी नको म्हणायचं?

त्यापेक्षा साखर बंद करणं, दात खातो म्हणून जंत समजणं आणि वावडिंगाचं पाणी यावर आपला भारी विश्वास. गोडाने जंत होत नाहीत. अंडी तोंडातून जातात, नाहीतर अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. शेतात, मातीत राबणाऱ्या बायकांचं रक्त हे हुकवर्म वर्षानुवर्षं पितात, आणि थकवा तर बाईच्या पाचवीलाच पुजलेला म्हणून कोणी तपासतही नाही. गरोदर बाईलाही पहिले तीन महिने सरले की डॉक्टर ही गोळी देतात, हे किती सासवांना ठाऊक आहे?

दुसऱ्या गोळीच्या दिवशी बाबांनी अखेर तोंड वाकडं करून गोळी घेतली, म्हणजे त्यांची ती पहिलीच. डॉक्टरांनी त्यांना दोन आठवड्यांनी आणखी एक सांगितली आहे. मुलगी आता रात्रभर शांत झोपते. शेरूला आणायला या रविवारी जाणार आहेत. आजी म्हणतात, "येऊ दे, पण पलंगावर नको." ते मात्र मलाही पटतं.