अमरावती की अकोला? घर कुठे घ्यावे?



आपल्या वऱ्हाडातल्या लहान गावांतली दुकाने एकेक करून बंद होत आहेत. मुले पुण्याला किंवा बंगळुरूला गेली, दुकान पुढे चालवणारे कोणी नाही, आणि साठी ओलांडली की तालुक्याच्या गावात रात्री छातीत दुखले तर जायचे कुठे, हा प्रश्न उभा राहतो. मग घरात एकच चर्चा. अमरावतीला जायचे की अकोल्याला? आमच्या दर्यापुरात तर ती जास्तच रंगते, कारण दोन्ही शहरे आम्हाला जवळपास सारख्याच अंतरावर. आमच्याकडे गेली दोन वर्षे हेच चालू आहे. हे म्हणतात अकोला, मी म्हणते अमरावती.

एक गोष्ट मला खटकते. ही चर्चा नेहमी पुरुषमाणसांत होते, आणि ती प्लॉटच्या भावावरून होते. कोणते गाव "वाढतंय", कुठे पैसे दुप्पट होतील, एवढेच. अहो, पंचवीस-तीस वर्षांच्या मुलाने असा हिशेब करावा, शोभतो त्याला. पासष्टीला घर घ्यायचे ते विकण्यासाठी नाही, राहण्यासाठी. आणि त्या घरात दिवसाचे चोवीस तास राहणार कोण? आपण. तेव्हा हिशेबाची वही आपण उघडायला काय हरकत आहे? मी बी.कॉम. झाले त्याला चाळीसहून जास्त वर्षे झाली, पण जमा-खर्चाच्या दोन बाजू अजून विसरले नाही.

अमरावती वाढते आहे यात शंका नाही. विभागाचे ठिकाण तिथे, १९८३ पासून विद्यापीठ तिथे, महानगरपालिकाही त्याच वर्षीची. अकोल्याला महानगरपालिका २००१ मध्ये झाली. २०११ च्या जनगणनेत अमरावती साडेसहा लाखांच्या आसपास आणि अकोला सव्वाचार लाखांच्या. आता १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहून मुंबईचे विमानही उडू लागले, आणि नांदगाव पेठला कापडाचे मोठे पार्क येते आहे. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी मात्र कित्येक वर्षे वाढतेच आहे. यामुळे आमच्या पाहुण्यांपैकी निम्मे लोक अमरावतीचे नाव घेतात. मीही अमरावतीचेच नाव घेते, पण विमानासाठी नाही. आपण वर्षातून किती वेळा विमानात बसणार? विमानाच्या नावावर बडनेऱ्याकडच्या ले-आउटवाल्यांनी जे भाव सांगितले, ते ऐकून मी चहा अर्धाच ठेवून उठले.

मला बोलायचे आहे ते पाण्याबद्दल.

आपल्या घरात पाणी म्हणजे नुसती सोय नाही, धर्म आहे. पाणी गाळायचे, जीवाणी जिथले तिथे पोचवायची, गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घडी म्हणजे ४८ मिनिटे, उकळलेल्याची चोवीस तास. आता ज्या शहरात नळ चार दिवसांनी येतो, तिथे हे कसे पाळायचे? अकोल्याला माझ्या नणंदबाई आहेत, चाळीस वर्षे. त्यांच्याकडे मोरीत दोन ड्रम, गच्चीवर टाकी, स्वयंपाकघरात हंडे, आणि नळ येण्याच्या दिवशी बाहेर कुठे जायचे नाही. अकोल्याला पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येते. पावसाळा कमी झाला की धरण खाली जाते, आणि दोन नळांमधले दिवस वाढत जातात. साठवलेल्या पाण्यात चौथ्या दिवशी काय दिसते ते आपल्याला सांगायला नको. गाळणे आपण गाळू, पण मुळात इतके दिवस साचवायचे हेच मनाला पटत नाही.

बोअर आहे ना, असे बिल्डर म्हणतो. (एकाने तर मला चोवीस तास पाणी म्हणून सांगितले. शेजारच्या बाईंना विचारले तर त्यांनी नुसते कपाळाला हात लावला.) पण बोअरचे पाणी कसे आहे ते कोणी सांगत नाही. पूर्णेच्या काठचा आपला सगळा भाग खारपाणपट्ट्यात येतो. दर्यापूरच्या मुलीला हे शिकवावे लागत नाही. शहानूर धरणाचे पाणी नळाला आले नव्हते तेव्हा विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायची नाही. सोडा घालावा तर चव जायची. अकोल्याच्या उत्तरेकडे हीच जमीन लागते. मुनिसंघ आला, चौका लावायचा, तर विहिरीचे पाणी लागते. गोड्या पाण्याची विहीर कोणाकडे आहे याची तिथे शोधाशोध होते ती मी पाहिली आहे.

अमरावतीला सगळे चांगलेच आहे असे नाही. सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून लांबून पाइपलाइन येते, ती फुटली की सगळे शहर कोरडे. बऱ्याच भागांत नळ दिवसाआड येतो. पण दिवसाआड आणि चार दिवसांआड यातला फरक ज्या बाईने हंडे भरले तिलाच कळतो. शिवाय अमरावतीच्या जुन्या वस्तीत अजून गोड्या विहिरी आहेत, आणि जवळच पोहऱ्याचे डोंगर असल्याने ऊन तापले तरी रात्री थोडा वारा लागतो. अकोल्याचा मे महिना मी सांगायला नको. २०२४ च्या मे अखेरीस तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांना उन्हापायी जमावबंदीचे कलम लावावे लागले. दंगलीसाठी लावतात ते कलम उन्हासाठी! आपण उपवासाच्या दिवशी एकाच वेळी पाणी घेतो. या वयात त्या उन्हात एकाशन काढणे सोपे नाही.

आता यांची बाजू सांगते, कारण ती हलकी नाही.

अकोल्याला २००२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. अमरावतीला सरकारी कॉलेज आत्ता कुठे सुरू झाले आहे. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कॉलेज आणि त्याचा दवाखाना तिथे जुना आहे, इर्विन आहे, सुपर स्पेशालिटी आहे. पण सरकारी कॉलेजचा दवाखाना वीस वर्षे चाललेला असला की त्याला एक सराव असतो, हे मान्य करते. मात्र मोठे दुखणे निघाले की दोन्ही शहरांतले डॉक्टर शेवटी म्हणतात, नागपूरला न्या. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. गाडीत मागच्या सीटवर आपले माणूस कण्हत असताना ते शंभर किलोमीटर किती लांब वाटतील, याचा विचार करा.

रेल्वेत अकोला पुढे, हे मी बिनतक्रार लिहून देते. मुंबई-हावडा मुख्य मार्ग स्टेशनातूनच जातो, आणि पूर्णेकडे ब्रॉडगेज झाल्यापासून हिंगोली, नांदेड, हैदराबादही सरळ. ज्यांची माहेरे मराठवाड्यात त्यांना अकोला बरे. अमरावतीचे स्टेशन फाट्यावरचे, बऱ्याच गाड्यांसाठी बडनेऱ्याला जावे लागते. पण मुंबईची रात्रीची गाडी अमरावतीतूनच सुटते, आणि माझी मुलगी त्याच गाडीने येते.

क्षेत्रांच्या बाबतीत मला निवड करवत नाही. अकोल्याहून शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ जवळ. तिथले मंदिर २०२३ मध्ये चाळीसहून अधिक वर्षांनी दर्शनाला उघडले, आणि त्याच्या आदल्या वर्षी आचार्य विद्यासागर महाराजांचा चातुर्मास तिथेच झाला होता. अमरावतीहून परतवाडा, आणि तिथून मुक्तागिरी. बावन्न मंदिरांची ती चढण मी विशीत पळत चढले होते, आता काठी घेऊन चढते. कारंजा दोघांच्या मधेच. एस.टी.त बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्यामुळे क्षेत्र चार कोस लांब आहे म्हणून घर बदलू नये असे माझे मत.

रोजचे मंदिर मात्र पायी हवे. यावर मी भांडते. दर्शन झाल्याशिवाय आपण अन्न घेत नाही. नव्या ले-आउटमध्ये बंगला मोठा मिळतो, समोर झाडे, पण मंदिर पाच किलोमीटर. आज हे स्कूटर चालवतात. उद्या? मुलगा म्हणतो ऑटो करा. रोज जाऊन-येऊन शंभर रुपये धरले तर वर्षाचे छत्तीस हजार होतात, आणि पावसाळ्यात सकाळी सातला ऑटो मिळत नाही. दशलक्षणात संध्याकाळचे जेवण सूर्य असताना उरकून आरतीला जायचे, रात्री प्रवचनाहून एकटीने परत यायचे. ज्या बाईला ऑटोची वाट बघावी लागते ती हळूहळू मंदिरात जायची बंद होते. माझ्या ओळखीत अशा तिघी आहेत, तिघींचे बंगले छान आहेत. म्हणून मी म्हणते, अमरावती असो की अकोला, जुन्या वस्तीत, लहान घर, शक्यतो तळमजला.

आणि घर कोणाच्या नावावर? २०२१ पासून आपल्या राज्यात बाईच्या नावाने राहते घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. चाळीस लाखांच्या घराला चाळीस हजार वाचतात. पण खरेदीखतात नवऱ्याचेही नाव घातले की ती सवलत मिळत नाही. पुष्कळ घरांत चाळीस हजार सोडतात, पण पुरुषाचे नाव सोडवत नाही. आमच्याकडे मी हा मुद्दा मांडला तेव्हा हे पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटले नाही इतकेच. दोन दिवसांनी स्वतःच म्हणाले, "तुझ्याच नावाने घेऊ." मग मी म्हटले, तर मग गावही मीच सांगते.

यांच्या अकोल्याचे खरे कारण दवाखाना नाही आणि रेल्वेही नाही, हे मला ठाऊक आहे. चाळीस वर्षे यांची डाळमिलवाल्यांशी ऊठबस. अकोल्याच्या बाजारात यांना हाक मारून चहाला बसवणारी माणसे आहेत. अमरावतीत यांना कोणी ओळखत नाही. दुकान बंद झालेला माणूस घरात नुसता बसला की कसा होतो, ते मी माझ्या मोठ्या दिरांच्या बाबतीत पाहिले. आपण बायका नव्या गावात आठ दिवसांत चार जणी जोडतो, मंदिरात, भाजीवाल्यापाशी. पुरुषांना ते जमत नाही. माझ्या वहीत अकोल्याच्या बाजूला हा सर्वांत मोठा आकडा आहे.

म्हणून आम्ही अजून खरेदी केलेली नाही. महावीर जयंती झाली की अमरावतीला मंदिराजवळ दोन खोल्या भाड्याने घेतो आहोत, अकरा महिन्यांच्या करारावर. त्यात एक पुरा उन्हाळा येतो आणि एक पुरा चातुर्मासही. तुम्हीही टोकन देण्याआधी भाड्याने राहून बघा, विशेषतः मे महिन्यात. दर्यापूरचे घर तोवर विकायचे नाही. अमरावती-अकोला रस्ता आता चांगला झाला आहे. २०२२ च्या जूनमध्ये त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तासांत टाकून गिनीज बुकात नाव गेले होते, तोच. यांचे तिकीट पासष्टीपासून अर्धे आहे. दर मंगळवारी सकाळी दर्शन आणि नाश्ता करून हे अकोल्याला जातील, चार घरी चहा घेतील आणि सूर्यास्ताच्या आत जेवायला परत येतील, असे ठरले आहे. डबा मी देणार नाही, नणंदबाई जेवू घालतील.