झाड लावा, पण मुळे ओळखून



रत्नागिरी जिल्ह्यात केळशीच्या किनाऱ्यावर सुरूचे बन आहे. सुरू निव्वळ वाळूत तगतो, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्मजीव हवेतले नत्र झाडाला पुरवतात. तिथे मुळे वाळू धरून ठेवतात, पीक कुणाचे बुडत नाही.

आपल्या कोरडवाहू रानाचा हिशेब वेगळा. झाडाची मुळे खोल जातात, असे आपण समजतो. पण अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेर पसरतात. ज्वारी-कपाशीही तिथलीच ओल पिते. म्हणून बांधालगतची तासे खुरटतात. खोडापासून अंतर राखून, पिकाच्या बाजूने दोन-अडीच फूट खोल चर खणला, की ही ओढ कमी होते. चर बुजला, की पुन्हा खणावा लागतो.

ही मजुरी कुणाच्या खिशातून? आमच्याच. आणि १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने आमच्याच बांधावरचा साग, आंबा, चिंच तोडायला परवानगी लागते. लावायला उपदेश, तोडायला अर्ज! झाड आमच्या पिकाची ओल पिते, तर लाकडावर हक्कही आमचाच. लावणाऱ्याला तोडण्याची मोकळीक द्या. बांध आम्ही न सांगता हिरवे करू.